लाल कार्ड दाखवलं, पण गडी हलत नाही

प्रश्न : आमच्याकडच्या मोकळ्या मैदानांवर फुटबॉलच्या स्पर्धा होतात. कुंपण नाही, ड्रेसिंग रूम नाही, पोलीस तर नाहीतच. लाल कार्ड दाखवल्यावर पोट्टा कमरेवर हात ठेवून तिथंच उभा राहिला, तर रेफरीनं करायचं काय?
— एक नवशिका रेफरी, कामठी

उत्तर : त्याला बाहेर काढणं हे तुमचं काम नाही. तो जाईपर्यंत खेळ सुरू न करणं, हे तुमचं काम. त्यामुळे हात धरणं, ढकलणं, नाकासमोर कार्ड नाचवणं, सगळं टाळा. दोन-तीन मीटर अंतर ठेवून कार्ड सरळ वर धरा, नंबर आणि मिनिट लिहून घ्या आणि चार पावलं मागे या. जागेवरच हुज्जत घातली की भोवती दहा जण गोळा होतात आणि मग त्याला माघार घ्यायची लाज वाटते.

या वेळात आधी स्वतःची खात्री करा. नंबर बरोबर आहे ना, हे लाइन्समनला विचारा. चुकीच्या गड्याला कार्ड गेलं असेल तर ते खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच सुधारता येतं. दुसऱ्या पिवळ्यावरून लाल असेल तर आधी पिवळं, मग लाल दाखवायचं. बरेच रेफरी घाईत थेट लालच काढतात. मग कशासाठी बाहेर काढलं हेच गड्याला कळत नाही आणि तो अडून बसतो. याला हट्ट म्हणता येत नाही.

खात्री झाली की कॅप्टनला एकट्याला बाजूला बोलवा. ‘तुमचा सात नंबर दोन मिनिटांत बाहेर गेला नाही, तर मॅच बंद करतो.’ एवढंच बोला. किती मिनिटं द्यायची हे नियमांत ठरलेलं नाही, दोन पुरतात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर त्याआधीच टीममधले बाकीचे त्याला ओढून नेतात. पण एकदा सांगितलेली वेळ वाढवू नका. मॅनेजर आणि आयोजक यांनाही याच वेळात कळवा; माणूस मैदानाबाहेर न्यायचा तो त्यांनी. वाया गेलेला वेळ त्या हाफमध्ये भरून द्यायचा असतो.

कॅप्टनच अडला तर? १९६६च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाचा कॅप्टन अँतोनियो रात्तीन असाच उभा राहिला होता. जर्मन रेफरी क्राइटलाइन यांना स्पॅनिश येत नव्हतं, रात्तीन दुभाषा मागत राहिला आणि खेळ कित्येक मिनिटं अडला. त्यानंतरच इंग्लिश रेफरी केन अॅस्टन यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. तुमच्यापुढे असा प्रसंग आला तर मॅनेजरकडून दुसरा कॅप्टन ठरवून घ्या, दंडावर पट्टी बांधायला लावा आणि त्याच्याशी बोला.

वेळ संपली की शिट्टी, मॅच बंद. ‘समोरच्यांना ३-० दिला’ असं मात्र कधीही जाहीर करू नका. निकाल आयोजक देतात, रेफरी नाही. रिपोर्टमध्ये स्कोअर, मिनिट, गड्याचे शब्द जसेच्या तसे, कॅप्टनला केव्हा काय सांगितलं आणि मॅच किती वाजता बंद केली, हे त्याच संध्याकाळी लिहा. शिक्षा किती व्हावी हे लिहू नका.

आणि ‘बाहेर’ म्हणजे साइडलाइनवर नव्हे. बेंचवर किंवा गोलच्या मागेही त्याला थांबता येत नाही. ड्रेसिंग रूम नसेल तर आयोजकांच्या मंडपामागे पाठवा. शाळकरी पोरगा असेल तर एकट्याला नको, सोबत सर किंवा मॅडम हवेत.

प्रश्न : बदली खेळाडू तयार आहे, पण आतला येतच नाही. हाही लाल कार्डासारखाच प्रकार का?
— एक प्रशिक्षक, धरमपेठ

उत्तर : नाही, इथं सगळं उलटं आहे. फुटबॉलचा नियम ३ सांगतो की गडी बाहेर यायला तयार नसेल तर खेळ सुरू ठेवायचा. नवा खेळाडू आत येईपर्यंत बदली पूर्ण होत नाही, म्हणून आतला अजून खेळाडूच असतो. २०१९च्या इंग्लिश लीग कपच्या फायनलमध्ये चेल्सीचा गोलकीपर केपा असाच आत राहिला. कोच सारी संतापले, बदली गोलकीपर कबायेरो साइडलाइनवर ताटकळला आणि रेफरीनं खेळ पुढे चालवला. भांडण टीमच्या घरातलं, रेफरीनं त्यात पडू नये. मात्र बाहेर यायला तयार असूनही मुद्दाम रेंगाळत चालला, तर वेळ काढल्याबद्दल पिवळं कार्ड. जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं, हा नियम २०१९पासून आहे.

प्रश्न : आणि अख्खी टीमच निघून गेली तर?
— मोहननगरचा एक वाचक

उत्तर : सातपेक्षा कमी खेळाडूंवर खेळ पुन्हा सुरू करता येत नाही. थोडा वेळ थांबा, कॅप्टनला परत येण्याबद्दल विचारा, मग मॅच बंद करून रिपोर्ट द्या. मार्च २०२३मध्ये सुनील छेत्रीनं समोरच्या खेळाडूंची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किकवर गोल केला म्हणून केरला ब्लास्टर्सनं बेंगळुरूत मैदान सोडलं. नंतर क्लबला ४ कोटींचा दंड झाला.

प्रश्न : मुलाचा गुडघा फुटलाय, पण तो बाहेर यायलाच तयार नाही. रेफरी त्याला खेळू देईल का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : नाही. रक्त येत असेल तर बाहेर यावंच लागतं. ऐकलं नाही तर पिवळं कार्ड मिळू शकतं. रक्त थांबलंय आणि कपड्यांवर डाग नाही, हे पाहूनच रेफरी आत घेतो. बॅगेत एक जादा जर्सी, शॉर्ट्स आणि पट्टी ठेवा, म्हणजे मुलगा लवकर परत खेळू लागेल.