पाळीच्या आधीचे आठ दिवस

जळगाव,
आखाजीनंतरचा रविवार

प्रिय पोरी,

आखाजीला सगळ्या पोरी झोक्यावर होत्या आणि तू ओसरीच्या खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होतीस. तुझी आई म्हणाली, "हिचं दर महिन्याला असंच. पाळीच्या आधी आठ दिवस अंगात आल्यासारखं करते." तू तेव्हा काही बोलली नाहीस. मागच्या दारी भांडी विसळताना मात्र हळूच म्हणालीस, "मावशी, उगाच रडू येस." ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

एकोणीस वर्षांची असताना मीही हेच घेऊन एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "लग्न उरकून टाका, आपोआप बरं होईल." त्यानंतर कितीतरी वर्षं मी हा विषय कुणापुढे काढला नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

तुला जे होतं त्याला पीएमएस, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणतात. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे साधारण दोन आठवडे शरीरात प्रोजेस्टेरॉन आधी वाढतं, मग उतरतं. हा चढउतार प्रत्येकीला असतो, पण काहींच्या मेंदूला तो फार जाणवतो. मग चिडचिड, रडू, झोप न लागणं, छाती दुखणं, पोट फुगणं. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सगळं ओसरतं. यात नाटक नाही की हट्ट नाही, हे आईला मी सांगेन, ते माझ्याकडे लागलं.

तू एक काम कर. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलंय ना, त्यावर रोज रात्री पेन्सिलीने खूण कर. रडू आलं तर र, पोट जड वाटलं तर ज, शौचाला झालं नाही तर श. पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल. असे निदान दोन महिने. खुणा गोलाच्या आधीच दाटत असतील तर ते पीएमएस. महिनाभर विखुरलेल्या असतील तर कारण दुसरं असू शकतं, आणि मग शोधही दुसरीकडे घ्यावा लागेल.

आता तू सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते: ओटीपोट खाली ओढल्यासारखं वाटतं, मांड्या भरून येतात, लघवीला सारखं जावंसं वाटतं. इथे माझं फिजिओथेरपीचं शास्त्र कामाला येतं. समोरच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार त्याचाच. हा पडदा बाजेसारखा आहे. बाजेवर कुणी बसलं की ती जराशी खाली जाते, उठलं की वर येते. श्वास घेतला की पडदा खाली उतरतो, सोडला की वर येतो. पण दोरी फार ताणून विणलेली बाज आठव, तिच्यावर झोपलं की अंगावर वळ उठतात. स्नायू सतत आवळलेले राहिले की तेही असेच रुततात, दुखतात.

तुझे कशाने आवळले असतील? मी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की सकाळी अमळनेरहून एसटीने धुळ्याला कॉलेजला जातेस आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवीला जातच नाहीस. स्टँडवरचं स्वच्छतागृह बघवत नाही, कॉलेजातल्याला कडी नाही. जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीस, आणि तेही मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना! हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. दिवसभर लघवी रोखायची म्हणजे दिवसभर ते स्नायू मुठीसारखे आवळायचे. पाणी कमी म्हणून शौच घट्ट, आणि पाळीच्या आधी आतडंही मंदावतं, म्हणून कुंथणं आलं. त्यात मन ताणलेलं. त्या आठ दिवसांतल्या जडपणात आणि ओढीत या सगळ्याचा वाटा असणार असं मला वाटतं. नक्की ते तपासूनच सांगेन.

मोबाईलवर बघून केगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, सुरू करू नकोस. 1948 मध्ये डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी तो व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर ज्यांची लघवी सुटते अशा बायकांसाठी. सैल पडलेल्या स्नायूंना तो छान आहे. आधीच ताठ असलेल्यांना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी मी एका मुलीला न तपासता तेच दिलं होतं. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा तिला खुर्चीवर नीट बसताही येत नव्हतं. तेव्हापासून मी आधी सोडायला शिकवते.

सोडायचं असं. जमिनीवर गोधडी टाक, उताणी झोप, दोन्ही पोटऱ्या बाजेवर ठेव. एक हात बरगड्यांखाली, एक बेंबीखाली. चार मोजत नाकाने श्वास घे आणि पोट वर येऊ दे. त्याच वेळी खालची जागा सैल सोड, लघवी सुरू होण्याच्या क्षणी सुटते ना, तशी. मग सहा मोजत तोंडाने हळूहळू श्वास सोड. कुंथायचं नाही, ढकलायचं नाही. दातावर दात नकोत, कारण जबडा आवळला की खालचंही आवळतं असं मी रोज बघते. पाच मिनिटं सकाळी, पाच रात्री, आणि महिनाभर, फक्त त्या आठ दिवसांत नव्हे. जमायला लागलं की दाराची चौकट धरून उकिडवी बस, टाचांखाली गोधडीची घडी घालून.

चालणंही हवं. पाळीतल्या दुखण्याबद्दल 2019 चा कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आहे. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी 45 ते 60 मिनिटं व्यायाम केला तर कळा बऱ्याच कमी होऊ शकतात, असं त्यात दिसलं. कळा फार आल्या तर ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. कळण्याची भाकरी, पालेभाजी चालू ठेव, त्या आठवड्यात शेव-पापड तेवढे कमी कर, मिठाने अंग आणखी फुगतं.

माझ्याकडे आलीस तर काय होईल, याची तुला भीती आहे हे मला कळलं. आधी नुसत्या गप्पा. मग तुझा श्वास, कंबर, खुबे, पोट बाहेरून बघेन. आतून तपासणी तुझ्या होकाराशिवाय होत नाही, आणि तुझ्या बाबतीत तिच्यावाचून पुष्कळ काम होईल. "नको" म्हणालीस तर मला एकदाही कारण सांगायचं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. या उपचाराने ओढ, जडपणा, लघवीची घाई, शौचाचा त्रास यांत फरक पडावा. उगाच येणारं रडू त्याने जाईलच असं वचन मी देत नाही. त्यासाठी चांगली औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवसांत जगणं नकोसं वाटलं तर थांबू नकोस, मला रात्रीसुद्धा उठव, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. आणि दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, शौचाच्या वेळी कळ येत असेल, किंवा तासाला पॅड भरत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग मी.

कॉलेजातल्या त्या कडीचं मी विसरलेले नाही. तुम्ही चार-पाच जणी मिळून प्राचार्यांना अर्ज द्या, मसुदा मी पाठवते. तोवर पाण्याची बाटली भरूनच निघत जा. आणि जुलैत येशील तेव्हा कालनिर्णयाची ती पानं न फाडता घेऊन ये.

तुझी,
मावशी