किटाची फी फक्त आईच्या पगारातून का वजा करायची?

श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगनहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "नवऱ्याचा पगार महिन्याला 6,000 युरो ब्रुटो (कर-विमा कापण्याआधी) आहे. मी आठवड्याला 24 तास काम करते, त्याचे 2,400. तो तिसऱ्या करवर्गात (दरमहा कमी कर कापणारा गट), मी पाचव्या (जास्त कापणारा). माझ्या हातात 1,450 पडतात. त्यातून किटाचे (पाळणाघराचे) 620 जातात, जेवण धरून. मुलगी 21 महिन्यांची आहे. ऑक्टोबरपासून महिन्यातला एक आठवडा तरी ती तापाने किंवा खोकल्याने घरी असते. या वर्षातल्या तेरा सुट्ट्या मीच घेतल्या. घरखर्च 3,900 आहे. वाटतं, ती तीन वर्षांची होईपर्यंत नोकरी सोडून घरी राहावं. उन्हाळ्यात सासूबाई येणार आहेत, तेव्हा किटाही बंद करता येईल. पुण्यात आमची 40 लाखांची एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली मुदतठेव) आहे, त्याचं वर्षाला 2.8 लाख करमुक्त व्याज येतं, तेवढा आधार पुरेल. पुढेमागे दुसऱ्या बाळाचाही विचार आहे. निर्णय बरोबर आहे का?"

ताई, आधी तुमच्या बाजूचं बोलते, कारण तुमची शंका खोटी नाही. उलट पत्रातल्या हिशेबापेक्षा खरा हिशेब आणखी थोडा कडू आहे.

जर्मनीत नवरा-बायकोचा कर एकत्र मोजला जातो. तुमच्या पगारामुळे घराचा वर्षाचा कर किती वाढतो, ते मी 2025च्या कोष्टकाने मांडून पाहिलं. ढोबळमानाने साडेसहा हजार युरो. सहा हजारांच्या आसपास पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विम्याचे हप्ते. म्हणजे 28,800 मधून घरात खरी भर पडते ती सोळा हजारांची, महिन्याला साधारण 1,350. तुमच्या हातात 1,450 दिसतात, कारण पाचव्या वर्गात कापलेला कर तुमच्यामुळे वाढलेल्या करापेक्षा थोडा कमी आहे. राहिलेलं वर्षाअखेरीच्या कर-नोटिशीत मागितलं जातं.

आता किटा. 620 मधले 70 जेवणाचे धरले तर 550 हा सांभाळण्याचा खर्च. 2025पासून अशा खर्चाच्या 80 टक्के, पण एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त 4,800 युरो, उत्पन्नातून वजा होतात. जेवणाचे पैसे त्यात धरत नाहीत. तुमच्या उत्पन्नाला त्यातून वर्षाला साधारण 1,500 युरो कर वाचतो. तेवढी वजावट मिळाली की फी खऱ्या अर्थाने पाचशेच्या खाली येते. डॉइचलांड-टिकेटचे (मासिक प्रवासपासाचे) 63 काढले की तुमच्या नोकरीचे घराला उरतात महिन्याला साधारण 790 युरो. तासाला साडेसात युरो. रात्री दोनदा उठून सकाळी आठला किटाच्या दारात मुलीला रडताना सोडून येणाऱ्या आईला हा आकडा दिसला की राजीनाम्याचा विचार येणारच.

एका पगारात घर चालेल का, तेही तपासू. नवऱ्याच्या हातात तिसऱ्या वर्गात सुमारे 4,140 पडतात, त्यावर किंडरगेल्डचे (मुलासाठीच्या सरकारी भत्त्याचे) 259. खर्च 3,900. तुम्ही घरी राहिलात तर किटा आणि तिकिटाचा खर्चही जाईल. म्हणजे प्रश्न पोटाचा नाही. हे आधी स्पष्ट केलं, कारण आता मी जे सांगणार आहे ते पैशांची भीती घालून सांगत नाही.

राजीनामा देऊ नका. घरी राहायचं तर राहा, पण राजीनाम्याच्या दाराने जाऊ नका.

तुम्ही अजून एल्टर्नत्साइटमध्ये (पालकांना मिळणाऱ्या हक्काच्या रजेत) आहात. पहिली दोन वर्षं तुम्ही कंपनीला कळवली होती, हे तुमच्या पत्रासोबतच्या कागदात दिसतं, आणि 24 तासांचं काम हे त्या रजेतलंच अर्धवेळ काम आहे. प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे तीन वर्षं मिळतात. तिसरं वर्ष मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसापर्यंत घेण्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त सुरू होण्याच्या किमान सात आठवडे आधी कळवावं लागतं. दुसरा वाढदिवस तीन महिन्यांवर आहे, म्हणजे तुमच्या हातात पाच-सहा आठवडे आहेत. मुलगी 1 मे 2025च्या आधीची असल्यामुळे ईमेल चालणार नाही. शाईची सही असलेला कागद कंपनीच्या हाती पोचला पाहिजे, आणि पोच घ्या. त्याच कागदात हव्या असलेल्या तासांची विनंतीही करा. पंधरापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ती फक्त तातडीच्या कामकाजी कारणाने नाकारता येते, आणि तेही लेखी.

राजीनामा आणि रजा यांत फरक काय, हे रोजच्या दगदगीत दिसत नाही. रजेत नोकरीला कायद्याचं संरक्षण असतं आणि मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसानंतर परतायला करार जागेवर असतो. राजीनाम्यानंतर तुम्ही वर्षभराच्या खंडासह नव्याने अर्ज करणारी, जर्मन ही मायबोली नसलेली उमेदवार. स्वतःहून सोडल्यामुळे बेकारी भत्त्याला बारा आठवड्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि पूर्ण रजेत, तुम्ही कायदेशीर (खासगी नव्हे) आरोग्य विम्यात अनिवार्य सभासद असाल, तर हप्ता न भरता सभासदत्व चालूच राहतं. घरी बसण्याची किंमत सारखीच, पण परतीचं तिकीट एकाच वाटेत आहे.

त्यातही मी पूर्ण रजेपेक्षा कमी तासांची बाजू घेईन, आणि त्याचं कारण दुसरं बाळ. एल्टर्नगेल्ड (बाळानंतर पालकाला मिळणारा सरकारी भत्ता) मोजताना बाळाआधीच्या बारा महिन्यांची कमाई पाहतात. पहिल्या मुलीसाठी एल्टर्नगेल्ड घेतलेले सुरुवातीचे महिने वगळता येतात, पण त्यानंतरची बिनपगारी रजा शून्य म्हणूनच मोजली जाते. म्हणजे पूर्ण घरी राहिलेल्या वर्षानंतर बाळ झालं तर मिळतो तो किमान दर, महिन्याला 300. आजच्या तासांवर पाचव्या वर्गात ते अंदाजे 875 होतील.

इथे करवर्गाची गोष्ट येते. वर्षाअखेरीचा एकत्र कर कोणत्याही वर्गात तेवढाच राहतो, पण एल्टर्नगेल्ड तुमच्या नेटोवर (कर-विमा कापून उरलेल्या पगारावर) मोजलं जातं. दोघांनी चौथा वर्ग (दोघांचा कर सारख्याच नियमाने कापणारा) घेतला तर तुमचं अंदाजे 875 चं 1,050 होतं, बारा महिन्यांत दोन हजारांहून जास्त फरक. या बदलाने तुमच्या हातात दरमहा तीनशेच्या जवळ जास्त येतील, नवऱ्याच्या हातात साडेचारशेच्या आसपास कमी. घराचा महिना सुमारे 190 ने आटेल, पण वर्षाअखेर कर-नोटिशीऐवजी दोन-अडीच हजारांचा परतावा येईल. बदल एल्स्टर या सरकारी कर-पोर्टलवर फुकट होतो. बाळंतपणाच्या रजेआधी किमान सात महिने तो झालेला असावा, म्हणून विचार पक्का होण्याची वाट पाहू नका. चौथ्या वर्गाची मला आणखी एका कारणाने ओढ आहे. तुमच्या पगारपत्रकावर तुमच्या कामाची किंमत जरा खरी दिसेल, आणि 'माझा पगार किटातच जातो' हे वाक्य घरात कमी ऐकू येईल.

त्या वाक्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. पत्रात तुम्ही नवऱ्याच्या 6,000 मधून किटाची फी वजा केली नाही, फक्त स्वतःच्या पगारातून केली. आजारपणाच्या सुट्ट्याही फक्त तुमच्या. मूल दोघांचं, किटा दोघांच्या कामासाठी. कायदेशीर विम्यात असलेल्या पालकाला 2026 मध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला 15 दिवस मुलाच्या आजारपणासाठी मिळतात, गेलेल्या नेटोच्या साधारण 90 टक्के पैशांसह. दोघांचे मिळून तीस. तुमचे तेरा संपले, आणि नवऱ्याचे पंधराच्या पंधरा शिल्लक आहेत. तेही कायदेशीर विम्यात असतील तर पुढच्या तापाला बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी त्यांच्या नावाने घ्या. तुम्ही नोकरी सोडलीत तर घरी सांभाळणारं माणूस आहे म्हणून त्यांचेही दिवस निघून जातील.

आणि ते आठवड्याला चार तास कमी करू शकतात का, हे त्यांना आज रात्री विचारा. चाळीसचे छत्तीस तास झाले तर घराचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास जातात. एवढ्या पैशात आठवड्यातली एक दुपार मुलीला बाबा मिळतो आणि तुम्हाला श्वास. मेटल-इलेक्ट्रो क्षेत्राचा सामूहिक करार त्यांना लागू असेल, तर लहान मुलांच्या पालकांना जादा भत्त्याऐवजी आठ दिवसांची सुट्टी निवडण्याची सोय त्या करारात 2018पासून आहे. हे पर्याय आपल्याकडच्या बाबांना कुणी सांगत नाही, आणि साहेबांकडे विषय काढायचा त्यांना संकोच असतो. माझ्या मते 790 युरोंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

सासूबाईंबद्दल. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. त्या आल्या की मुलीला आजी मिळेल आणि घरात मराठी घुमेल, याची किंमत मी पैशात करणार नाही. पण नव्वद दिवसांसाठी किटाची जागा सोडू नका. ती परत मिळवायला किती थांबावं लागतं आणि पुन्हा रुळण्याचे रडके आठवडे काढावे लागतात, हे तुम्ही अनुभवलं आहेच. आजी असताना मुलीला दुपारी लवकर आणा, एवढं पुरेसं आहे.

एफडीचा आधार मात्र तुम्ही समजता तेवढा नाही. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, जर्मनीत नाही. इथे राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. एका युरोला शंभरच्या जरा वर रुपये धरले तर 2.8 लाख म्हणजे अंदाजे 2,750 युरो. नवरा-बायकोला मिळून 2,000 युरोंची सूट आहे. इतर व्याज किंवा नफा नसेल तर वरच्या 750 वर अधिभारासह 26.375 टक्के, म्हणजे दोनशे युरो. रक्कम मोठी नाही, पण न दाखवणं महागात पडतं. दोन्ही देश 2017पासून खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात. मागच्या वर्षांचं व्याज दाखवलं नसेल तर पत्र येण्याची वाट न पाहता कर-सल्लागाराला गाठा. ही गोष्ट मी तुम्हाला आवर्जून सांगते आहे, कारण तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं 'करमुक्त' हा शब्द ऐकून यात अडकतात. शिवाय दहा वर्षांपूर्वी युरो पंचाहत्तर रुपयांच्या आसपास होता. सात टक्के व्याजातले दोन-तीन टक्के रुपयाच्या घसरणीत विरघळतात. आणि तुमचा खर्च युरोत आहे.

पेन्शनचं थोडक्यात. प्रत्येक मुलामागे पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला साधारण एक गुण (पेन्शन मोजण्याचं एकक) मुलाला सांभाळणाऱ्या पालकाच्या खात्यावर जमा होतो, नोकरी असो वा नसो. जुलै 2025च्या दराने एका गुणाचे महिन्याला 40.79 युरो. तीन गुण म्हणजे म्हातारपणी महिन्याला सुमारे 122 युरो, आजच्या मोलाने. त्यासाठी पेन्शन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. तो केलेला आहे का, तुम्ही आधी तपासा. 24 तासांच्या नोकरीच्या एका वर्षाने त्यात आणखी सुमारे 23 युरोंची भर पडते, आयुष्यभर. पुढे पुण्याला परतलात तरी भारत-जर्मनी करार 1 मे 2017पासून लागू असल्यामुळे पेन्शन तिकडे मिळू शकते आणि भारतातल्या नोकरीची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात.

तर माझा सल्ला असा. तिसऱ्या वर्षाची रजा कळवा, तास 24 वरून 20 करून मागा, शक्यतो चार दिवसांत बसतील असे. पाचवा दिवस मुलीसाठी रिकामा. चार तास कमी केल्याने घराचे महिन्याला दोनशेच्या आसपास जातील, आणि एल्टर्नगेल्डचा पाया थोडा खाली येईल, पण शून्य होणार नाही. डॉक्टरांनी मुलीच्या किंवा तुमच्या तब्येतीमुळे वेगळं सांगितलं, तर काही महिने पूर्ण रजा घ्या, निःसंकोच. उरलेल्या पैशांतले महिन्याला शंभर-दीडशे युरो तुमच्या एकटीच्या नावाच्या डेपोत (गुंतवणूक ठेवण्याच्या खात्यात), जगभरच्या शेअर बाजाराच्या स्वस्त ईटीएफमध्ये (निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात) टाका. पुण्याची एफडी नवऱ्याच्या नावावर असेल तर तिथे निदान तुमचं नामनिर्देशन आहे का, तेही पाहा.

मुलीची जन्मतारीख पत्रात नाही, म्हणून नेमका दिवस मी मांडू शकत नाही. दुसऱ्या वाढदिवसापासून सात आठवडे मागे मोजा, त्यातून पोस्टाचे तीन दिवस वजा करा, आणि ती तारीख फ्रिजवर लावा. अर्जाचा मसुदा पाठवलात तर मी वाचून परत करेन.