कॅरिबियनची पहिली क्रूझ : जहाजाआधी मार्ग ठरवा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नुकतेच निवृत्त झालो असून या हिवाळ्यात मुलीकडे फ्लोरिडाला जाणार आहोत. तिथून आम्हा दोघांनाच सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर पाठवायचे तिच्या मनात आहे. घरात सध्या चर्चा आहे ती सर्वांत मोठ्या जहाजाची आणि बाल्कनीच्या केबिनची. मांडव्याच्या लाँचपलीकडे आम्ही समुद्रप्रवास केलेला नाही. निवड कशी करावी? (नाशिक)

उत्तर : जहाजाची चर्चा थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी नकाशा उघडा. पहिल्यांदा जाणारी बहुतेक जोडपी जहाज आणि केबिन यांचा महिनोन्महिने विचार करतात आणि मार्ग मात्र जो मिळेल तो घेतात; परत आल्यावर खंत वाटते ती बहुधा मार्गाबद्दलच. फ्लोरिडाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरी ढोबळमानाने पूर्वेला किंवा पश्चिमेला जातात. पूर्वेकडच्या सफरीत अमेरिकेच्या ताब्यातील सेंट थॉमस, एकाच लहानशा बेटाचा डच भाग असलेले सेंट मार्टिन, प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन अशी बंदरे येतात. पश्चिमेकडे मेक्सिकोचे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका किंवा होंडुरासचे रोआतान. मायामीपासून सेंट थॉमस सुमारे हजार सागरी मैलांवर आहे, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांच्या वेगाने गेले तरी जायलाच सुमारे दोन दिवस लागतात. त्यामुळे पूर्वेकडच्या सफरीत सातांपैकी तीन दिवस निव्वळ समुद्रात जाऊ शकतात. पाण्याकडे पाहत वाचत बसणे, उशिरा उठणे, संध्याकाळी डेकवर फिरणे ज्यांना आवडते, त्यांना हे दिवस सोन्यासारखे वाटतील. ज्यांना रोज नवे गाव पाहायचे आहे, त्यांना ते जड जातील. हा कल तुम्हा दोघांचा सारखा आहे का, हे आधी एकमेकांशी बोलून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

तुम्हाला रोज नवे बेट पाहायचे असेल, तर दक्षिण कॅरिबियनचा विचार करा. फ्लोरिडाहून अडीच-तीन तासांच्या विमानप्रवासाने सान हुआनला जायचे आणि तिथून जहाजात बसायचे. बेटे एकमेकांच्या जवळ असल्याने जहाज रात्री चालते आणि सकाळी पुढच्या बंदराला लागते. सान हुआनला एक दिवस आधीच पोहोचलात, तर १५३९ मध्ये बांधायला घेतलेला एल मोर्रो किल्ला निवांत पाहता येईल. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला समुद्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या तटबंदीचा हेतू कुणी समजावून सांगावा लागत नाही.

या मार्गावर बार्बाडोस असेल, तर ब्रिजटाऊनच्या बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल फार दूर नाही. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर. १९७१ साली ज्या पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईंनी शतक ठोकले, गावसकरांनी कसोटी पदार्पण केले आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला, त्या त्रिनिदादला मात्र सात रात्रींच्या सफरींपैकी थोड्याच जातात. तेवढ्यासाठी जायचे असेल, तर वेळापत्रक बारकाईने पाहावे लागेल.

आता मोठ्या जहाजाबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस डेकचे आहे, आणि पूर्ण भरले तर त्यावर सात हजारांहून अधिक प्रवासी असतात. घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, मोठाली नाट्यगृहे हे सारे नातवंडे बरोबर असताना रंगते. तुम्ही दोघेच आहात, तेव्हा दोन ते तीन हजार प्रवाशांचे जहाज पुरेसे मोठे आहे. त्यावर रांगा कमी असतात आणि जेवणाच्या टेबलापासून केबिनपर्यंतची वाट रोज पाय दुखवत नाही. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यांवर घ्या, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. बाल्कनीचे जादा पैसे समुद्रातले दिवस जास्त असतील तरच सार्थकी लागतात. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असल्याने तुम्ही निवडलेला हिवाळा त्या दृष्टीने योग्यच आहे.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. आम्ही दोघे, तो, सूनबाई आणि तिथेच जन्मलेली नात, असे सारे मायामीहून क्रूझला जायचा बेत आहे. त्याचे मित्र म्हणतात की, क्रूझला पासपोर्टही लागत नाही. हे खरे आहे का? (पुणे)

उत्तर : तुमच्यापुरते हे अजिबात खरे नाही. अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या सफरीवर जन्मदाखला आणि ओळखपत्र यांवर जाण्याची मुभा अमेरिकी नागरिकांना आहे. म्हणजे तुमच्या घरात ती फक्त नातीला लागू होईल, आणि तिचाही पासपोर्ट बरोबर असलेला बरा. तुम्हा दोघांना पासपोर्ट हवाच, तो परतीनंतर किमान सहा महिने वैध असावा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व परतीच्या दिवशी चालू असलेला असावा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मायामीहून सुटणारी मोठी जहाजे बहामा, पनामा अशा देशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात, आणि १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे अशा परदेशी जहाजांना वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. तुम्ही सात दिवसांनी मायामीला उतरता तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेत नव्याने प्रवेश करत असता.

खरी काळजी मुलाची आणि सूनबाईंची करा. अमेरिकेत राहण्याची त्यांची परवानगी चालू असली, तरी पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, असे अनेक घरांत आढळते. नोकरी सुरळीत चालू असल्याने तिकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि जहाजावर चढतानाच अडवले जाते. शिक्का संपलेला असेल, तर पैसे भरण्याआधी स्थलांतराच्या वकिलांचा सल्ला घ्यावा. वाटेतल्या प्रत्येक बेटाचा भारतीय पासपोर्टासाठीचा नियमही वेगवेगळा पाहावा लागतो. मेक्सिकोला अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो, पण तोच न्याय सगळीकडे लागू होईल असे गृहीत धरू नये.

प्रवासविमा घेताना जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते पाहा. जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचारांचे बिल थेट तुमच्या खात्यावर पडते आणि ते मोठे असते.

प्रश्न : मला एस.टी.सुद्धा लागते आणि पाण्याची भीती वाटते. ह्यांना मात्र क्रूझची फार हौस आहे. मी जावे का? (सांगली)

उत्तर : जरूर जावे. मोठ्या जहाजांच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखासारखे स्थिरक असतात आणि त्यांच्यामुळे डोलणे बरेच कमी होते. तरीही बोट लागू शकते, म्हणून गोळी मळमळ सुरू झाल्यावर न घेता आधी घ्यावी. अमेरिकेत मेक्लिझिन सहज मिळते. काचबिंदू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोट रिकामे ठेवू नका, मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसा, आल्याचा तुकडा जवळ ठेवा.

भीतीबद्दल एवढेच सांगते की, जहाज सुटण्यापूर्वी आणीबाणीचा सराव होतो, त्याला दोघांनीही मन लावून हजर राहावे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घेण्याचा नियम झाला. आपली जमण्याची जागा कोणती आणि केबिनपासून तिथे कसे जायचे, हे पायांखालून घातले की मनावरचे ओझेही उतरते.

प्रश्न : आम्ही दोघे शाकाहारी आहोत आणि सासूबाईंच्या काळापासून घरात कांदा-लसूणही नाही. विजेची किटली आणि छोटा राइस कुकर बरोबर नेला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : दोन्ही घरीच ठेवा. आगीच्या धोक्यामुळे किटली, कुकर, इस्त्री असे तापणारे कोणतेही उपकरण जहाजावर चालत नाही आणि सामानाच्या तपासणीत ते काढून घेतले जाते. त्यांची गरजही फारशी पडत नाही. आरक्षण करतानाच शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद करा आणि पहिल्या संध्याकाळी बुफेकडे न वळता मुख्य भोजनगृहात जाऊन हेड वेटरना भेटा. उद्या रात्री काय हवे ते आज सांगितले, तर बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर वरण-भात, भाजी आणि पोळीच्या जवळपास जाणारे काही तरी टेबलावर येते. स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात भारतीय माणसे पुष्कळ असतात. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘बोटीवर’ नोकरीला जाणारी घरे आहेत, मुंबई-कोकणातलीही मुले आहेत, आणि मायामीच्या धक्क्यावरून सुटलेल्या जहाजात कुणी मराठीत किंवा कोकणीत विचारपूस केली, तर नवल वाटू देऊ नका. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून राबणारी ही मुले आहेत. त्यांच्याशी दोन शब्द आपुलकीने बोला आणि वेगळे जेवण मागायचे ते वेळेवर मागा.

बंदबाटलीतली लोणची, चटणी, भाजलेला चिवडा न्यायला सहसा हरकत नसते. ताजी फळे मात्र जहाजावरून बेटावर किंवा परतताना अमेरिकेत नेऊ नयेत. हात साबणाने धुवा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

प्रश्न : आम्ही जानेवारीत पहिली कॅरिबियन क्रूझ करून आलो. जहाज सुंदर होते, पण ग्रँड केमनला जहाज समुद्रातच उभे राहिले, होडीने उतरायचे म्हणून आम्ही दोघे पोहण्याचे कपडे पिशवीत घेऊन रांगेत थांबलो आणि शेवटी कप्तानांनी बंदर रद्द झाल्याचे जाहीर केले. किनारा समोर दिसत होता. शेवटच्या रात्री बिलात रोजच्या बक्षिशीची रक्कम पाहून धक्का बसला तो वेगळाच. ही फसवणूक आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : तुमची हळहळ मी समजू शकते, पण ही फसवणूक नव्हे. ग्रँड केमनच्या जॉर्जटाऊनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज बाहेर थांबते आणि प्रवाशांना मोठ्या होड्यांतून नेतात. जॉर्जटाऊन बेटाच्या पश्चिम बाजूला आहे. एरवी पूर्वेकडून वारा येतो म्हणून ती बाजू शांत असते; हिवाळ्यात मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून थंड हवेचे झोत खाली उतरतात, वारा वायव्येकडून येऊ लागतो आणि नेमकी हीच बाजू खवळते. अशा वेळी होडी आणि जहाजाचा दरवाजा एकमेकांना लावून वयस्कर माणसांना उतरवणे धोक्याचे असते. काही वेळा जहाजे दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्सला जातात. तेही जमले नाही, तर बंदर सोडावे लागते. प्रवासाच्या करारात कप्तानांना हा अधिकार दिलेला असतो. त्या बंदराचे कर सामान्यतः खात्यावर परत जमा होतात, तेवढे बिलात तपासून घ्या.

बक्षिशीबद्दल बोलायचे, तर मुख्य प्रवाहातल्या अमेरिकी कंपन्या साधारणपणे माणशी रोज १६ ते २० डॉलर आपोआप लावतात, म्हणजे दोघांचे सात दिवसांचे अडीचशे डॉलरच्या आसपास. केबिन आवरणारे, वाढणारे यांच्या मिळकतीचा तो मोठा भाग असल्याने मी तो कधीही कमी करून घेणार नाही. पण आरक्षणाच्या वेळीच हा आकडा ठळकपणे सांगितला पाहिजे, आणि तुमच्या प्रवास कंपनीने तो सांगितला नसेल, तर तुमचा राग रास्त आहे. मद्याच्या पॅकेजचेही तसेच आहे. अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने ते घेतले, तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावे लागते; दोघांपैकी एकच जण घेत असेल, तर ते परवडत नाही. फोन पहिल्या तासातच विमान-अवस्थेत (एअरप्लेन मोड) टाकावा, नाहीतर तो जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचे बिल घरी आल्यावर कळते.

पुढच्या वेळी पश्चिमेलाच जाणार असाल, तर धक्का असलेली बंदरे जास्त असलेला मार्ग निवडा. कोझुमेल, रोआतान, जमैकातले फालमथ इथे जहाज थेट धक्क्याला लागते. बेटावर उतरल्यावर घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. कोझुमेलची आणि मायामीची वेळ वर्षाचा काही काळ एका तासाने वेगळी असते, आणि स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. जहाज कंपनीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला, तर मात्र जबाबदारी तिची असते. जमैका आणि बार्बाडोसमध्ये लष्करी नक्षीचे कपडे घालायला बंदी आहे, आणि सेंट थॉमसला २०२० पासून प्रवाळांना घातक असलेली काही सनस्क्रीन चालत नाहीत, तेव्हा पिशवी भरताना लेबल वाचा.

आणि ग्रँड केमन मनातून जात नसेल, तर तिथे क्रूझने जायचा हट्ट धरू नका. मायामीहून विमानाने दीड तासात पोहोचता येते. व्हिसाची चौकशी करा, चार दिवस राहा आणि जॉर्जटाऊनजवळच्या सेव्हन माइल बीचवर सकाळी, जहाजांचे प्रवासी उतरण्याआधी, दोघे मिळून पाण्यात उतरा.