वाईट वाटलं की वाटून घेतलं?

प्रश्न असा आला आहे : ‘दृष्टिकोन’ लिहायचं की ‘दृष्टीकोन’? शिवाय ‘सकारात्मक दृष्टिकोन ठेवा’ हे भाषणातलं वाटतं. समोर बरंवाईट दोन्ही असताना बऱ्याकडे बघायचं ठरवणं, याला बोलती मराठी काय म्हणते?

पहिला भाग सोपा. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ, म्हणून सुटी ‘दृष्टी’ दीर्घ. मूळ संस्कृत शब्द ‘दृष्टि’, त्यामुळे समासात पहिलं पद ऱ्हस्वच राहतं : दृष्टिकोन, दृष्टिदोष, दृष्टिभ्रम. ‘दृष्टीने’मध्ये नुसता प्रत्यय आहे, समास नाही, तिथे पुन्हा दीर्घ. हिंदीत ‘कोण’, आपल्याकडे ‘कोन’. (त्रिकोणात मात्र ण टिकला आहे, चौकोनात नाही. विचारू नका.)

‘सकारात्मक’ची गंमत वेगळीच. नकार म्हणजे ‘न’ म्हणणं. त्याची मराठी जोडी ‘होकार’. ‘सकार’ म्हणजे खरं तर नुसतं ‘स’ हे अक्षर. पण शब्द आता इतका रुळलाय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

आता दुसरा भाग. यासाठी नाम शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. मराठी हे काम क्रियापदाकडून करून घेते. ‘मला दिसतं’ आणि ‘मी बघतो’ ही जोडी घ्या. दिसणं माझ्या हातात नाही, म्हणून तिथे ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. बघायचं मात्र मी ठरवतो. वाटण्याचंही तसंच : ‘मला वाटतं’, पण ‘मी मानतो’.

आणि मग ते ‘घेणे’ येतं. ‘त्याला वाईट वाटलं’ आणि ‘त्याने वाईट वाटून घेतलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. प्रसंग तोच, माणूसही तोच. पहिल्यात वाईट वाटणं त्याच्यावर येऊन आदळलं, दुसऱ्यात त्याने ते हात पुढे करून घेतलं. ‘ला’चा ‘ने’ झाला आणि जबाबदारी सरकली. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘डोक्यात राख घालून घेऊ नकोस’ याच घरातली. घेतलेलं न घेण्याची मुभा असते, हे भाषेने गृहीतच धरलंय.

ही सोय जपून वापरावी. ज्याचं खरंच काही गेलं आहे त्याला ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ म्हटलं की ते बोचतं. सांत्वन करता करता आपण त्याच्या दुःखाचा कर्ता त्यालाच करून टाकतो. अशा वेळी साधं ‘वाईट झालं’ बरं.

नजर कुठे आहे हे सांगणारं दुसरं ठिकाण याहून बारीक आहे. फोनच्या पडद्यावर वीस टक्के बॅटरी. एक म्हणतो, ‘वीस टक्केच आहे.’ दुसरा म्हणतो, ‘वीस टक्के तरी आहे.’ आकडा तोच. पण ‘च’ संपलेल्या ऐंशीकडे बघतो, ‘तरी’ उरलेल्या विसाकडे. दिवसभरात आपण किती वेळा ‘च’ लावतो ते एकदा मोजून बघा. मी मोजत होतो, दुपारनंतर सोडून दिलं.

तेव्हा प्रश्नकर्त्याला माझ्याकडून ‘त्यातल्या त्यात’. ‘त्यातल्या त्यात बरं झालं’ म्हणणारा वाईट काही झालंच नाही असं म्हणत नाही. पहिल्या ‘त्या’त सगळं वाईट जागच्या जागी आहे, दुसऱ्या ‘त्या’त तो बरं शोधतोय. व्याकरणाच्या वहीत याला दृष्टिकोन म्हणत नाहीत, क्रियाविशेषण म्हणतात.