सोमवारपासून क्लास तुझा

अगं पोरी,

सोमवारपासून सोसायटीतला आजी-आजोबांचा सकाळचा क्लास तू घेणार, ऐकून खूप बरं वाटलं. कोर्स छान केलायस, आसनंही सुरेख करतेस, पण ही मंडळी आसनं शिकायला येत नाहीत गं, बाथरूममध्ये पडायची भीती वाटते म्हणून येतात, फक्त तसं कोणी बोलून दाखवत नाही.

माझ्या सासूबाई 74 व्या वर्षी मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. भीतीपोटी चालणं कमी केलं, मग पायातली ताकद गेली, ताकद गेली म्हणून आणखी भीती, आणि दोन वर्षांत अंथरुणच धरलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, मी त्यांना "तुम्ही बसा, मी आणते" म्हणत राहिले. ते अजून टोचतं, म्हणून तुला एवढं सांगतेय.

सूर्यनमस्कार राहू देत, आधी खुर्चीतून उठणं-बसणं घे. हात न टेकता उठायचं, आणि बसताना धपकन नाही, मनात चार आकडे मोजत हळूहळू खाली यायचं, कारण अंगाचा भार तोलत खाली येताना मांड्यांना जे काम पडतं तेच जिना उतरताना लागतं. श्वास कोंडू देऊ नकोस, बीपी वाढतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांना झटकन उठल्यावर गरगरतं, त्यांना घरीही पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठायला सांग.

आणि लक्ष कुठंय ते विचारत राहा. वजन टाचेवर की चवड्यावर, अंगठा टेकलाय का, उजवा पाय जास्त दाबला जातोय का. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो, डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळवे-सांधे यांच्याकडून येणारी जाणीव. वयानुसार तिन्ही थोडे थोडे मंदावतात, पण तळव्यांकडे लक्ष द्यायची सवय सत्तरीतही लागते, मी स्वतः बघितलंय. म्हणून शक्यतो अनवाणी. फक्त जुना डायबेटीस असलेल्यांच्या पायाला नीट कळत नाही, त्यांना पायात घट्ट बसणारे बूट घालू दे आणि भिंतीजवळच उभं कर.

वृक्षासनात एका पायावर उभं करताना दुसरा पाय मांडीपर्यंत न्यायचा हट्ट नको. टाच घोट्याला टेकलेली, अंगठा जमिनीवर, हाताची बोटं भिंतीला, एवढं पुरे. खुर्ची घेतली की योग हलका झाला असं मनात असेल तर काढून टाक. आपल्याच पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्च्या, पट्टे, विटा, दोर घेऊन दुखऱ्या अंगाच्या लोकांना आसनं करायला शिकवली, 1975 साली इथे संस्था उभी केली, आणि स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही साधना सोडली नाही.

जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करा म्हणते, आपला क्लास सोम-बुध-शुक्र आहे तो त्यासाठीच, सुट्ट्या फार देऊ नकोस.

पहिल्या रांगेतले आजोबा गुडघा दुखत असला तरी "काही नाही, चालू द्या" म्हणतात, त्यांच्या तोंडाकडे बघ, शब्दांवर जाऊ नकोस. त्यांना नातवाशी खेळायला जमिनीवर बसायचंय. महिनाभर खुर्ची पक्की होऊ दे, मग एक गुडघा टेकून, हात खुर्चीवर ठेवून खाली जाणं-वर येणं शिकव, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बिनहाताच्या खुर्च्या गच्चीच्या खोलीत आहेत, सगळ्या भिंतीला टेकवूनच लाव. एकीच्या पायाचं रबर निघालंय, ती बाजूला ठेव. बुधवारी मी येते, मागच्या रांगेत उभी राहीन.

तुझी,
काकू