पझेशन लांबलंय आणि बिल्डर मुदतवाढीच्या पत्रावर सही मागतोय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्च २०२२ मध्ये वाघोलीत भाड्याने द्यायला म्हणून ५२ लाखांचा टू बीएचके बुक केला, नवरा-बायकोच्या नावावर. आतापर्यंत ४६ लाख गेलेत, त्यातले ३६ लाख होम लोनचे, ईएमआय ३१ हजार चालू आहे. ॲग्रीमेंटमध्ये पझेशनची तारीख ३१ डिसेंबर २०२४. ओसीचा (इमारत वापरायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र) पत्ता नाही. आता बिल्डरचं पत्र आलंय की जून २०२७ पर्यंत मुदतवाढीला संमती द्या, पंधरा दिवसांत सही करून पाठवा. मेव्हणा म्हणतो ईएमआय थांबव म्हणजे बँकच बिल्डरला धरेल. ऑफिसमधला एकजण म्हणतो तू इन्व्हेस्टर आहेस, रेरा (बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा) तुला लागूच नाही.

आधी मेव्हण्यांचं. कृपा करून ईएमआय थांबवू नका. लोन तुमच्या नावावर आहे, बिल्डरच्या नाही, हप्ता चुकला की सिबिल तुमचा खराब होणार आणि नोटीस तुमच्या घरी येणार. बँक बिल्डरला वगैरे काही धरत नाही, उगाच अंगावर येईल.

ऑफिसमधल्या मित्राचंही बरोबर नाही. रेरा कायद्यात खरेदीदाराची जी व्याख्या आहे त्यात राहायला घेतला की भाड्याने द्यायला हे कोणी विचारलेलंच नाही. फ्लॅट अलॉट झालाय, रजिस्टर ॲग्रीमेंट आहे, पैसे भरलेत, बास. ज्यांनी 'दोन वर्षांत इतके टक्के रिटर्न देतो' किंवा बायबॅक (बिल्डरच फ्लॅट परत विकत घेणार) असला व्यवहार केलाय त्यांची गोष्ट वेगळी, तुमचा तसा दिसत नाही.

आता ते पत्र. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण खरी गंमत दुसऱ्या परिच्छेदात आहे. पहिल्यात मुदतवाढीला संमती मागितलीय, त्यात तसं वावगं काही नाही, प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली नाही तर काम ठप्प होईल आणि नुकसान तुमचंच. पण खाली हळूच लिहिलंय की 'विलंबाबद्दल व्याज किंवा भरपाईची मागणी करणार नाही आणि सुधारित तारीख ही करारातील तारीख समजली जाईल'. यावर सही केलीत तर तुमची डिसेंबर २०२४ ची तारीख आपल्या हातानेच पुसलीत. प्रोजेक्टची मुदत वाढली म्हणून तुमच्या ॲग्रीमेंटमधली तारीख आपोआप बदलत नाही, मुंबई हायकोर्टाने २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्सच्या निकालातच सांगितलंय की रेरा प्राधिकरणाकडे नवीन तारीख दिली म्हणून बिल्डरची करारातली जबाबदारी सुटत नाही. म्हणून सही करायचीच असेल तर तो परिच्छेद खोडून, बाजूला 'करारातील सर्व हक्क अबाधित ठेवून फक्त मुदतवाढीस संमती' असं हाताने लिहून मग करा, आणि ईमेलनेही पाठवा. सेल्सवाला म्हणेल फॉरमॅट बदलता येत नाही. येतो.

पुढचा रस्ता दोन्हीपैकी एक. रेराच्या कलम १८ मध्ये तुम्ही बाहेर पडून सगळे पैसे व्याजासकट मागू शकता, किंवा फ्लॅट ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकता, निवड तुमची. सुप्रीम कोर्टाने न्यूटेक प्रमोटर्सच्या केसमध्ये (२०२१) स्पष्ट म्हटलंय की वेळेत ताबा नाही तर रिफंडचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरची कारणं काहीही असोत. व्याज म्हणजे स्टेट बँकेचा सगळ्यात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा मूळ दर) अधिक २ टक्के. साडेदहा धरून चला, ४६ लाखांवर वर्षाला ४ लाख ८३ हजार, म्हणजे महिन्याला चाळीस हजाराच्या आसपास, जे तुमच्या ईएमआयपेक्षाही जास्त आहे! पण फ्लॅट ठेवलात तर हे पैसे लगेच हातात येतील असं धरू नका, बऱ्याचदा पझेशनच्या वेळी उरलेल्या रकमेत ॲडजस्ट करायला सांगतात.

माझं मत विचाराल तर आधी एका रविवारी साइटवर जाऊन या, स्लॅब झालेत का, लिफ्ट बसलीय का, कामगार किती आहेत ते बघा, आणि महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट उघडून किती फ्लॅट विकलेत, बिल्डरवर किती केसेस आहेत ते पाहा. काम नव्वद टक्के झालं असेल तर फ्लॅट ठेवून व्याज मागा. साइटवर वॉचमन आणि कुत्रं सोडून कोणी नसेल तर बाहेर पडा. रिफंडची ऑर्डर मिळणं एक आणि पैसे मिळणं दुसरं, बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट कलेक्टर ऑफिसला जातं आणि तिथे फाइल किती फिरते ते सांगायला नको.

बाहेर पडायचं असेल तर एक घड्याळ आत्ताच चालू आहे ज्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून मेट्रो सेस (स्टॅम्प ड्युटीवर मेट्रोसाठीचा जादा अधिभार) लागणार होता म्हणून मार्चमध्ये धावत जाऊन रजिस्ट्रेशन केलंत ना, ६ टक्क्यांनी ३ लाख १२ हजार स्टॅम्प ड्युटी गेली. ताबा न मिळाल्याने करार रद्द झाला तर ती सरकारकडून परत मागता येते, पण रजिस्टर्ड रद्दलेख (करार रद्द केल्याचा दस्त) ॲग्रीमेंटपासून पाच वर्षांच्या आत व्हायला हवा, म्हणजे मार्च २०२७, आणि त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज. बिल्डरची नवी तारीख आहे जून २०२७. म्हणजे 'जूनपर्यंत वाट बघू आणि मग ठरवू' म्हणालात की तीन लाख गेलेच. रेजिस्ट्रेशन फीचे ३० हजार विसराच.

मात्र रद्दलेखावर सही पैसे हातात आल्याशिवाय करू नका, पुढच्या तारखांचे चेक घेऊन तर अजिबात नाही. रद्दलेखात ताबा मिळाला नाही म्हणून करार रद्द करतोय हे स्पष्ट लिहून घ्या. बँकेकडून लोन बंद करायचा आकडा लेखी घ्या, कारण आलेल्या पैशातून आधी बँकेचं मिटणार.

मधेच बिल्डर 'फिट-आउट पझेशन घ्या, फर्निचरचं काम सुरू करा' म्हणेल. ओसी नसताना किल्ली घेऊ नका, नंतर तोच म्हणतो की ताबा तर दिला होता, व्याज कसलं.

महारेराची तक्रार ऑनलाइन होते, फी ५ हजार. मिसेसचं नाव ॲग्रीमेंटमध्ये आहे तर तक्रारीतही दोघांची नावं घाला, माझ्याकडे एकाने फक्त स्वतःच्या नावाने केली आणि दुरुस्तीतच दोन तारखा गेल्या.