मोठी कंपनी तुला मानवेल का?

अरे, मोठ्या आयटी कंपनीत तू रमशील का हे ठरवायला ती माणसांना १६ प्रकारांत बसवणारी व्यक्तिमत्त्व चाचणी सोड बाजूला. अबोल माणसं मोठ्या आयटी कंपनीत टिकत नाहीत, हे खोटं आहे. हिंजवडीत माझ्या शेजारी बसणारा एक जण दिवसभरात दहा वाक्यंसुद्धा बोलायचा नाही, पण त्याचं प्रत्येक काम मेलवर लिहिलेलं असायचं. कोणी विचारलं की तारखेसकट मेल पुढे. त्याला कधी कोणी हात लावला नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. थांबणं तुला जमतं का? मला एकदा साधं सॉफ्टवेअर टाकून घ्यायला तिकीट (म्हणजे आयटी विभागाकडे ऑनलाइन विनंती), मॅनेजरची मंजुरी, मग सिक्युरिटीची मंजुरी असे अकरा दिवस लागले. मी चिडून थेट वरच्या साहेबांना मेल टाकला. सॉफ्टवेअर मिळालं, पण मॅनेजर वर्षभर फुगून बसला आणि अप्रेझलला बेल कर्व्हचं (म्हणजे टीममधल्या ठरावीक जणांना कमी रेटिंग द्यावंच लागतं, या पद्धतीचं) कारण देऊन मला खाली ढकललं. (माझीही चूक होतीच म्हणा.)

ज्याला आज सुचलेलं आजच करून बघायचं असतं, त्याचा तिथे जीव गुदमरतो. त्याने वीस-पंचवीस जणांची कंपनी बघावी. पगार उशिरा होईल कदाचित, पण काम हातात असेल. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट नसताना नुसतं, महिना-दोन महिने बसावं लागलं तरी न घाबरता काहीतरी शिकत राहणारा मात्र मोठ्या कंपनीत मजेत राहतो.

आणि हो, ऑफर लेटरवर सही करण्याआधी नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं ते, वाच. बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा असतो.